लाडू परत मागणारा उमेदवार

कोच आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात भांडी कमी आणि फुटबॉल जास्त होते. हिनं लोखंडी जाळीच्या दारातून ते बघितलं आणि म्हणाली, "हा उपाशी मरणार."

ही म्हणजे माझी बायको. आयुष्यभर मी तिला नावानं हाक मारली नाही. आता ती गेल्यावर कागदावर मारायचं काही कारण नाही.

त्याच संध्याकाळी ती त्याला आमटी-भात देऊन आली. रिकामं ताट परत आलं ते इतकं साफ, की घासायची गरज नव्हती. तेव्हापासून तो आमच्याकडंच जेवायचा. तमिळ माणूस, जन्म इथलाच, तिशी ओलांडलेली, लग्नाचं नाव नाही. सेरंगूनजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात पोरांना फुटबॉल शिकवायचा. मी रत्नागिरीकडचा, शिक्षण चौथी. आधी बोटीवर खलाशी, मग देश सोडून ह्या परक्या बेटावरच्या गोदीत वेल्डर. आमचं बोलणं थोडं मलाय, थोडं हिंदी, थोडं तुटकं इंग्रजी असं चालायचं. इथं मी सगळं मराठीत लिहितोय, कारण दुसरं काही मला लिहिता येत नाही.

त्याचं कॉलेज पुस्तकात हुशार आणि मैदानात भोपळा. पोरं चष्मेवाली, आईबाप डॉक्टर नाहीतर बँकेतले. पळायला लावलं की आयांचे फोन यायचे. असल्या पोरांना त्यानं पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? लाथ मारायला नाही. हात वर करायला.

फुटबॉलमध्ये चेंडूला हात लावायचा नसतो एवढं मलाही ठाऊक आहे. लागला आणि रेफरीला दिसला नाही, तर जगातला प्रत्येक खेळाडू साळसूद चेहरा करून पळत राहतो. ह्याची पोरं जागच्या जागी थांबून हात वर करायची. माझा लागला म्हणून. शिट्टीची वाट बघायची नाही.

एका वर्षी ही भोपळा टीम फायनलला पोचली. ही आमसुलाच्या सरबताचा मोठा थर्मास घेऊन मैदानावर, मी तिच्या मागं छत्री धरून. एक गोल आपला, त्यांचा शून्य. खेळ संपत आलेला. आपल्याच गोलासमोर आपल्या एका पोराच्या दंडाला चेंडू लागला. रेफरीचं तोंड दुसरीकडं. कुणालाही दिसलं नव्हतं. आणि त्या गाढवानं हात वर केला! पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली, पुढं आणखी एक बसला आणि फायनल गेली.

आईबाप लोक कोचला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही बोललो. "हे काय मैदान आहे की मठ? कीर्तन शिकवतोस का पोरांना?"

तो सरबत पीत म्हणाला, "अंकल, कप पुढच्या वर्षीपण असतो."

ही त्याच्याकडं बघत होती. घरी येताना बसमध्ये मला म्हणाली, "ह्याला निवडणुकीला उभा केला पाहिजे."

"राजकारणात? असला माणूस? आठ दिवसांत दात पाडून परत पाठवतील."

"मग मी त्याला पातळ भात घालीन," ही म्हणाली.

पुढच्या वर्षी कप आला. पोरांनी तो आमच्या घरी आणला आणि हिनं त्यात सरबत ओतून सगळ्यांना पाजलं. कोच म्हणाला, "आँटी, ही चांदी नाही, गंजेल." ही म्हणाली, "गंजू दे, तू आणखी आणशील." आणि त्यानं आणले.

आता लिफ्टचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा ब्लॉक, म्हणजे आख्खी इमारत, जुना, आठच मजल्यांचा. जुन्या ब्लॉकमध्ये लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, मधले तीन मजले सोडून एकदा थांबायची. बांधणाऱ्यांनी पैसे वाचवले असतील, आम्हालाही तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. आम्ही सातव्यावर. लिफ्ट पाचव्यावर थांबणार, मग दोन जिने चढायचे. हिची किडनी गेली तेव्हा ते दोन जिने हिमालय झाले. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून डायलिसिस करून आली की पाचव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडायची आणि जिन्याकडं अशी बघायची, जसा माणूस सावकाराकडं बघतो.

पहिल्यांदा मी तिला पाठीवर घेऊन चढायला गेलो. वेल्डरचे खांदे होते, पण सत्तरीतले. चार पायऱ्यांत दोघंही भिंतीला टेकलो. ती हसायला लागली. "खलाशी बुडाला," म्हणाली. तेवढ्यात वरून कोच उतरत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याची पोरं पाळी लावून हजर. प्लास्टिकच्या खुर्चीत तिला बसवायचे, चौघं चार पाय धरायचे आणि तालात वर. ही खुर्चीत बसून त्यांना रागवायची, "हलवू नका रे, मी काय कप आहे का?" शेजारच्या मलाय म्हातारीला आम्ही माकचिक म्हणायचो. ती दारात उभी राहून टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "राणी आली, राणी आली!"

एके दिवशी ही खाली खुर्चीतून गेली ती परत वर आली नाही.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला जमत नाही आणि ते कुणाच्या कामाचंही नाही. मुलगा बँकेत अकाउंटंट, कोंडोत, म्हणजे खासगी सोसायटीत राहतो, स्विमिंग पूल आहे. म्हणाला, "बाबा, आता आमच्याकडं चला." मी म्हटलं, तिथं लिफ्ट दारात येते, मला सवय नाही. त्याला ते लागलं. लागू दे.

तेराव्याच्या जेवणाला कोच माझ्या शेजारी पंगतीत बसला होता. पोळी मोडता मोडता म्हणाला, "अंकल, मी उभा राहतोय."

"जेवण झाल्याशिवाय उठू नये."

"निवडणुकीला. आपल्या वॉर्डात. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली पाहिजे, एवढंच मागणार आहे."

मी घास खाली ठेवला. त्याला उभं राहायचं तर कॉलेजची नोकरी सोडायला लागणार होती. सोडली की टीम गेली. पडला तर नोकरी नाही, टीम नाही, पंचेचाळिशीला आलेला माणूस पोत्यातले फुटबॉल मोजत बसणार. हे सगळं मी त्याला तिथंच ऐकवलं. तो म्हणाला, "आँटीनं मला बसमध्ये उभं केलंय." म्हणजे हिनं ते त्यालाही सांगून ठेवलं होतं.

पक्ष कुठला ते लिहीत नाही. लिहिला तर निम्मे वाचक पान उलटतील. समोरचा उमेदवार वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला वॉर्डाची इतकी सवय झाली होती की आपण निवडून येतो हे त्याला पावसासारखं वाटायचं.

इथली निवडणूक म्हणजे थोडेच दिवस, पण दारोदार. सगळ्यात वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची आणि जिन्यानं उतरत यायचं. पक्षानं मला एक टीशर्ट दिला, छातीवर चिन्ह, पाठीवर कोचचा फोटो. मी नागरिक होतो, मत होतं, गुडघेही अजून उतरण्यापुरते होते. कोचची जुनी पोरं आता टायवाली झाली होती, ऑफिस सुटलं की तीही यायची. तरी दारं उघडत नव्हती. आत टीव्ही चालू, चपला बाहेर, आणि बेल वाजवली की टीव्हीचा आवाज बंद. माणसं श्वास धरून बसायची. जाळीतून हात आला तरी पत्रक घेण्यापुरता.

त्याच धामधुमीत अक्षय तृतीया आली.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी दान करतात. पाण्यानं भरलेला घट, आंबे, छत्री, जे जमेल ते. दिलेलं सरत नाही म्हणतात. ही गेल्यानंतरची ही पहिली अक्षय तृतीया. आणि हिची स्वतःची एक पद्धत होती. चैत्राच्या हळदीकुंकवाला ती आख्ख्या ब्लॉकमध्ये रव्या-नारळाचे लाडू वाटायची. चिनी बायका हौसेनं कुंकू लावून घ्यायच्या, माकचिकला कुंकू नाही, तिला एक लाडू जास्त. गोड दिलं की भांडण निम्मं होतं, हे तिचं मत. म्हणून मी ठरवलं, घट-बिट राहू दे, तिच्या नावानं लाडूच वाटायचे.

मुलाचा फोन आला. "बाबा, लिटल इंडियात तयार मिळतात. मी आणून देतो."

"विकतचे तिच्या नावानं देऊ? ती वरून फेकून मारेल."

लाडू मी जन्मात केले नव्हते. बघितले मात्र हजार वेळा. रवा भाजला, नारळ खवला, पाक केला. पाक किती करायचा हे ती बोटात धरून बघायची. माझ्या वेल्डिंगनं भाजलेल्या बोटांना काय कळणार? मी आपला उकळत राहिलो. लाडू गरम होते तोपर्यंत वळले, छान दिसत होते. गार झाल्यावर एक हातातून पडला तर फरशीवर टणकन आवाज आला. मी म्हटलं, असू दे. दान आहे, चव नाही बघत कुणी.

आंघोळ केली. कपाट उघडलं तर धुतलेला कपडा एकच, तो पक्षाचा टीशर्ट. तो चढवला आणि पातेलं घेऊन निघालो. गंमत बघा, त्या दिवशी सगळी दारं उघडली. "लाडू आँटीचा नवरा!" म्हणत लोक जाळी उघडून बाहेर आले. कुणी माझा हात धरला, कुणी हिची आठवण काढली. मी एक शब्दही निवडणुकीचा बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. कोचचा फोटो माझ्या पाठीवर होता.

दुपारी कोचच्या घरी बोलावणं आलं. त्याच्या निवडणुकीची व्यवस्था एक वकीलबाई बघायच्या, उंच, चष्मा डोक्यावर, पायात खेळाचे बूट. त्या फेऱ्या मारत होत्या.

"अंकल, तुम्ही आज सकाळी काय केलंत?"

"दान."

"मतदाराला खायला घालून मत मागणं हा इथं गुन्हा आहे! तुमच्या अंगावर काय आहे बघा. समोरच्यांच्या ऑफिसात फोन गेलाय. हा जिंकला तरी कोर्टात जाऊन त्याची निवड रद्द करतील!"

मी खाली बघितलं. टीशर्ट. माझ्या तोपर्यंत खरंच डोक्यात आलं नव्हतं. लग्नात, बारशात, श्राद्धात माणूस हातात काहीतरी देतो, त्याचा आणि मताचा काय संबंध? पण मग कोचचा चेहरा बघितला. नोकरी सोडून आलेला माणूस. माझ्या पातेल्यानं त्याला बुडवला.

वकीलबाई म्हणाल्या, "आता एक करायचं. गप्प बसायचं. अंकलचा घरगुती धार्मिक कार्यक्रम होता, उमेदवाराला माहीत नव्हतं. विचारलं तरच सांगायचं."

"खोटं आहे का ते?" मी विचारलं.

"खरं आहे. म्हणून तर चालेल."

कोच खिडकीशी उभा होता. तो वळला आणि त्यानं उजवा हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा, सरळ. वकीलबाईंना काही कळेना. मला कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ती फायनल हरला होतास तू!"

"अंकल, पातेलं घ्या," तो म्हणाला.

आधी त्यानं निवडणुकीच्या कार्यालयाला फोन करून झालं ते सगळं सांगितलं. मग आम्ही निघालो. मी पातेलं घेऊन, कालचाच साधा सदरा घालून, तो शेजारी, आणि मागं वकीलबाई, कुणाच्या तेराव्याला चालल्यासारख्या. सगळ्यात वरचा मजला. पहिली बेल. कोच म्हणाला, "सकाळी अंकलनं लाडू दिला तेव्हा त्यांच्या अंगावर माझा शर्ट होता. मत मागणाऱ्यानं काही देऊ नये. चूक आमची. लाडू परत द्या. मत कुणालाही द्या."

दारातली बाई आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि बशीत लाडू घेऊन आली. अख्खा. एका बाजूला दाताचा फक्त ओरखडा.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "फेकवत नव्हता आणि फुटतही नव्हता."

लाडू पातेल्यात पडला. ठण्. वकीलबाई पहिल्यांदा हसल्या.

मग प्रत्येक दारात तेच. कुणी देवापुढं ठेवला होता, कुणी दाराला अडसर लावला होता. एका घरातल्या बाईनं हातोडी आणून दाखवली, "मी प्रयत्न केला हो!" माझ्या हातच्या बिघडलेल्या पाकानं सगळ्या ब्लॉकला उपाशी ठेवलं होतं, आणि लाडू जसेच्या तसे घरी परत येत होते. पातेलं जड होत चाललं तशी आमच्या मागची माणसंही वाढत गेली. दारं उघडली ती उघडीच राहिली. लोक जिन्यात उभे राहून कोचशी बोलायला लागले. लिफ्टचं, गुडघ्यांचं, म्हाताऱ्या आईला खाली नेता येत नाही त्याचं.

चौथ्या मजल्यावर एक चिनी म्हातारा राहायचा. ब्लॉकखाली मी त्याच्याशी रोज सोंगट्या खेळायचो. पक्का समोरच्या पक्षाचा. त्यानं दार उघडून लाडू पुढं केला.

"मीच फोन केला," तो म्हणाला.

"केलास ना? आता खेळायला ये, बघतो तुला," मी म्हटलं.

"शर्ट घालून आलास म्हणून केला. लाडू एवढा कडक, मला वाटलं हा दगड मारायला दिलाय. आमच्या उमेदवाराला मारायला नाही ना?"

जिन्यात हशा पिकला. तो मात्र हसला नाही. कोचकडं वळून म्हणाला, "मतासाठी वाटणारे मी बरेच बघितले. परत मागायला येणारा पहिला." आणि दार लावून घेतलं.

माकचिकचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"लाडू नाही," ती म्हणाली. "खाल्ला."

"खाल्ला?" आम्ही तिघंही एकदम.

"कवळी काढून ठेवली. चहात बुडवला. दुपारभर चघळला. तिच्या नावाचा होता, फेकू का मी?"

वकीलबाईंनी डोळे मिटले. कोच डोकं खाजवत म्हणाला, "माकचिक, मग तुम्ही मला मत देऊ नका. नाहीतर लाडू खाऊन दिलं असं होईल."

ती खवळली. "तू मला शिकवणार, मी कुणाला मत देऊ? लाडू खाऊन कोण मत देईल रे? असला लाडू खाऊनसुद्धा मी तुला मत देणार आहे, हे लिहून घ्या!"

वकीलबाई जिन्यावरच बसल्या आणि पोट धरून हसल्या. मीही हसलो. ही गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढं काही झालं नाही. निवडणुकीच्या माणसांनी चौकशी केली आणि सोडून दिलं. पण गोष्ट ब्लॉकमधून ब्लॉकमध्ये गेली. प्रचाराला निघालं की लोक गॅलरीतून ओरडायचे, "कोच, आमच्याकडं लाडू परत मागायला कधी येणार?" "आम्हाला मिळालाच नाही, आम्ही काय परत देऊ?" शेवटच्या सभेत मैदानात चिखल झाला होता तरी माणूस मावत नव्हता. कोचचं भाषण काही विशेष नव्हतं, तो बोलतो तसंच बोलला. पण खाली त्याच्या सगळ्या जुन्या टीमा उभ्या होत्या, टाय काढून, आणि त्यांनी एकदम उजवा हात वर केला. मग बायांनी केला, मग म्हाताऱ्यांनी. मीही केला.

निकालाच्या रात्री मी झोपून गेलो. जागून मतं वाढत नाहीत. सकाळी ढोल वाजला म्हणून उठलो. उघड्या लॉरीवर उभा राहून कोच आभाराची फेरी काढत होता, गळ्यात हार, आवाज बसलेला. जिंकला होता! तोही घासून नाही, चांगला दणकून. आमच्या ब्लॉकखाली त्यानं लॉरी थांबवली. सगळ्यांना वाटलं भाषण करेल. तो लिफ्टमध्ये शिरला, पाचव्यावर उतरला, दोन जिने चढून माझ्या दारात आला आणि गळ्यातला हार काढून हिच्या फोटोला घातला. चिनी म्हातारा खालून ओरडला, "आता लाडू कर म्हणावं, हातोडी माझी!"

लिफ्टचं काम व्हायला वेळ लागला. एवढा मोठा ब्लॉक, आवाज, धूळ, पत्रे. कोच दर आठवड्याला येऊन मिस्त्र्यांच्या डोक्यावर उभा राहायचा, जणू ती त्याची टीमच. मधल्या काळात मी पाक शिकलो. माकचिकला शेजारी बसवून, दोन बोटांत तार धरून. बरेच बिघडले, तिनं सगळे चाखले आणि सगळ्यांना शिव्या दिल्या.

ज्या दिवशी लिफ्ट पहिल्यांदा सातव्यावर यायची होती त्या दिवशी फीत वगैरे काही नव्हती. कोच म्हणाला, "अंकल, बटण तुम्ही दाबा." मी दाबलं. दिवा लागला. खालून घरघर आली, पाचव्यावर थांबली नाही, वर आली, आणि दार आमच्या दारासमोर उघडलं. मजल्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माकचिक सगळ्यांच्या आधी आत शिरली.

मी डबा उघडून कोचपुढं धरला. "आता चालतो ना?"

"आता चालतो." त्यानं लाडू उचलला, आधी नखानं टोकरून बघितला, मग तोंडात टाकला. चावला. माझ्याकडं बघितलं. "अंकल, हा मऊ आहे."

"मग काय? तिचाच आहे."

तो आत गेला. मी दाराला हात लावून बाहेरच उभा राहिलो. खुर्ची आत सहज मावली असती, चार पोरांची गरजच नव्हती. लिफ्ट पीं पीं करायला लागली.

"चल ना आत," माकचिक ओरडली. "कुणाची वाट बघतोस?"

"येतो," मी म्हटलं, आणि दार आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.